पुढच्या बाजूचा रंग

मित्रांनो, मी एक जुने दुमजली घर आहे. माझ्या रस्त्याला आता कोणी विचारत नाही, पण एके काळी त्याचा थाट काही औरच होता. दुतर्फा झाडे होती. संध्याकाळी लोक इथे हवा खायला येत, म्हणजे खरे तर एकमेकांची घरे बघायला येत. म्हणून इथले मालक दर वर्षी आपापल्या घराला रंग देत, तोही फक्त पुढच्या बाजूला. माझे मालक कापडाचे व्यापारी होते. शेजाऱ्याने पिवळा दिला की ते त्याहून पिवळा देत. माझे कौतुक होई आणि मला ते आवडे.

मालकांचा धाकटा मुलगा ऐन तरुणपणी गेला. त्याच्या बायकोला पुढच्या प्रशस्त खोलीतून हलवून मागच्या दोन खोल्या दिल्या. तिथे ती शिवणकाम करी. त्या खोल्यांच्या छपराची पन्हळ तुंबली होती आणि पाणी भिंतीत मुरत होते.

"मामंजी, मागची भिंत ओली झालीये. माणसं आलीच आहेत रंगाला, तर तेवढी पन्हळ साफ करून घ्या ना," ती म्हणाली.

"सूनबाई, मागे कोण बघतंय? पुढच्या वर्षी बघू."

मालकांचे पुढचे वर्ष काही उजाडले नाही. त्यांच्यानंतर थोरला मुलगाही तेच सांगू लागला. झाडे तुटली, समोर टायरची दुकाने आली, रस्त्याची रया गेली. रंगाची हौस मात्र फिटली नाही. सूनबाई आपला पलंग ओल्या भिंतीपासून थोडा थोडा सरकवत म्हातारी झाली.

एके दिवशी ती भिंत बसली. सूनबाई दार उघडायला पुढे गेली होती, म्हणून वाचली. नगरपालिकेचे इंजिनियर आले, त्यांनी मला ठोकून पाहिले.

"मागचं सगळं कुजलंय, पाडावं लागेल," ते थोरल्याला म्हणाले. "पुढची भिंत तेवढी ठणठणीत आहे. ती ठेवा, रस्त्याला शोभा आहे."

तसेच झाले. आता या भिंतीमागे लोखंडी टेकू आहेत आणि मोटारी उभ्या असतात. येणारेजाणारे माझे फोटो काढतात. थोरल्याने नवे घर घेतले, पण त्यात सूनबाईला जागा नव्हती. शिवणयंत्र घेऊन ती कुठे गेली, मला कळले नाही. तिची मला फार आठवण येते.

मित्रांनो, पाहुणे कधी जात नाहीत अशी एखादी खोली तुमच्याही घरी असेल. तिथे कोण झोपते आणि त्यांच्या उशाची भिंत कोरडी आहे ना, एवढे आज हात लावून बघा.