दुधाचे दात

मल्हारीने पिल्लाला मानगुटीला धरून उचललं आणि भिंतीवर फेकलं. ते धप्पकन पडलं, उठलं आणि हाही खेळच असावा असं वाटून शेपटी हलवत पुन्हा त्याच्या हाताला झोंबलं. बारीक दात अंगठ्यात रुतले. मग मल्हारीने पायातली चप्पल काढली. पिल्लू चुलीमागे जाऊन दडेपर्यंत चप्पल थांबली नाही.

"परत चावलं ना, तर दगडावर डोकं ठेचीन याचं," अंगठ्याचं रक्त चोखत तो म्हणाला आणि सायकल काढून अंबडला कामावर निघून गेला. तो बोलला तसं करणारा माणूस होता, हे घरातल्या दोघींनाही माहीत होतं.

शकुबाई उठली. लेकापुढे तिचं काही चालत नसे, पण कुत्र्यांच्या बाबतीत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या बापाची पिंपळगावकडे मेंढरं होती, मेंढरांमागे कुत्री होती, आणि तिचं सगळं बालपण त्या पिल्लांत लोळण्यात गेलं होतं.

"चांगुणे, इकडं ये," तिने सुनेला हाक मारली. "या खंड्याचा जीव वाचवायचा असंल तर बस खाली. हात दे त्याच्या तोंडाशी."

चांगुणाने बांगड्या मागे सारल्या. मनगटावर चार बोटांचे हिरवट वळ होते. मागल्या आठवड्यात वरणात मीठ जास्त पडलं होतं. त्या दिवशी शकुबाईनेच दाराला कडी घातली होती आणि सुनेचा पदर तिच्याच तोंडात कोंबून म्हटलं होतं, "आवाज बाहेर जाऊ देऊ नको. चारचौघांत शोभा होती." शकुबाईला तिच्या सासूने हेच शिकवलं होतं. चांगुणा मुळातच शहाणी, एकदा सांगितलेलं तिला पुरे झालं.

पिल्लू चावलं. चांगुणाने ओठ आवळून घेतले.

"गप काय बसली? ओरड की!"

"लय नाय लागलं, आत्याबाई."

"त्याला कळाया नको का? पिल्लं एकमेकांना अशीच शिकवतात. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आन् पाठ करून निघून जातं. खेळ बंद! तू गप बसली तर त्याला वाटंल, हे चालतं."

बोलून झालं आणि शकुबाईचा पिल्लाच्या पाठीवरचा हात तिथेच राहिला. मल्हारीला पहिले दात आले, तेव्हा अंगावर पिताना तो असा चावायचा की रक्त निघायचं. ती सोसायची आणि वर कौतुकाने सांगत फिरायची, पोरगं माझं लय जोरकस! सात वर्षांचा असताना त्याने तिला पितळी तांब्या फेकून मारला होता, तेव्हाही ती हसलीच होती. आज तिला त्या हसण्याची शरम वाटली.

पहिले काही दिवस चांगुणाचा आवाज फुटेना. खोकला अडकल्यासारखं काहीतरी व्हायचं. मग शकुबाईच तिच्या वतीने केकाटायची, आणि दोघी पिल्लाकडे पाठ करून बसायच्या. पिल्लू कान पाडून मागे घुटमळायचं. हळूहळू चांगुणाचाही आवाज निघू लागला, आणि पिल्लू तिचं बोट अंडं धरावं तसं अलगद तोंडात धरू लागलं.

सुट्टीच्या दिवशी मल्हारीने पिल्लाच्या तोंडात मूठ घातली. त्याने ती नुसती चाटली.

"बघितलं? एका चपलेत सरळ आलं!"

चांगुणाला हसू आलं. अगदी एवढंसं.

"कुणाला हसती गं?"

त्याने तिचे केस मुठीत धरून तिला खाली ओढलं. पाठीत पहिला बुक्का बसला, मग दुसरा, मग लाथ. ताटली उडून भिंतीवर आदळली. पिल्लू खाटेखाली शिरलं. चांगुणाने सवयीने पदर तोंडात कोंबला, आणि शकुबाई सवयीने दाराकडे धावली.

तिचा हात कडीवर गेला. मागे आणखी एक बुक्का बसल्याचा आवाज आला.

शकुबाईने दार सताड उघडलं. परत आली, सुनेजवळ बसली आणि तिच्या तोंडातला पदर ओढून काढला.

"ओरड," ती म्हणाली.

चांगुणा तिच्याकडे बघत राहिली. पुढचा बुक्का बसला आणि ती ओरडली. ओळीतल्या सगळ्या घरांच्या पत्र्यांवरून तो आवाज गेला. शेजारचा रेडिओ बंद झाला. पलीकडच्या घरातली सिंधुबाई पिठाच्या हातांनीच दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागे आणखी दोघीजणी. मल्हारीची मूठ वरच राहिली.

"आई, हिला गप कर ना. लोकं बघतात."

शकुबाईने चांगुणाला हाताला धरून उठवलं, बाहेर ओट्यावर नेलं आणि घराकडे पाठ करून तिच्याशेजारी बसली. खाटेखालून पिल्लू निघालं आणि दोघींच्या पायांशी येऊन बसलं.

"आई," आतून मल्हारीने हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली, या खेपेला हळू, लहानपणी पडल्यावर मारायचा तशी.

शकुबाईचे डोळे भरून आले. पोटचा गोळा होता तो, तिचा जीव तुटत होता. तिने चांगुणाचा हात घट्ट धरला आणि मान वळवली नाही.