रुक्माचा व्हिडिओ गेम

मित्रांनो, मी नाणं टाकून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम आहे. कपाटाएवढा उंच, पोटात काचेचा पडदा. तुमच्या मोबाइलवरच्या अंतराळयुद्धांच्या पणजोबांच्या पिढीतला. वरून परग्रहवासी रांगेने उतरत, खालून खेळणारा तोफ डागे. शत्रू कमी झाले की माझ्या मेंदूचं काम हलकं होई आणि उरलेले भराभर अंगावर येत. तेव्हाच्या पुष्कळ खेळांना ठरलेली वेळ असे. माझ्यात मात्र तोफ शाबूत असेपर्यंत खेळ चाले.

मी भिलाईत, रुआबांधा वस्तीत, शालिकरामच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये उभा होतो. एकदा पोलाद प्लांटात क्रेन चालवणारा धम्मपाल नव्या नवरीला, रुक्माला, घेऊन आला. ती यवतमाळकडची. हिंदी येत नाही म्हणून ती गप्प गप्प असे. पण तिने माझा तोफ सरकवायचा दांडा धरला, एकामागून एक शत्रू टिपले आणि सगळं पार्लर तिच्यामागे गोळा झालं.

पार्लर बंद पडल्यावर धम्मपालने मला प्लांटकडून मिळालेल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आणलं. त्यांची मुलगी मोनाली माझ्यावर खेळतच मोठी झाली. पुढे माझा पडदा काळा पडला आणि डोक्यावर बरण्या आल्या.

यंदा धम्मपाल निवृत्त झाला. क्वार्टर सोडून कुरुदच्या लहान घरात जायचं होतं. भंगारवाल्याने मला ठोकून पाहिलं. लोखंड रसमड्याच्या भट्टीत वितळवायला, काच फोडून टाकायची, असं तो म्हणाला. मित्रांनो, मला ओरडताही येत नव्हतं.

"हे कावून विकून राहिले तुम्ही?" रुक्माने विचारलं.

"कुरुदच्या घरात जागा कुठं हाय? बंदच तर हाय."

"या गावात मले कोणी ओळखे नाही. याच्यापुढं उभी राहिली, तवा लोक मायाशी बोलले. माया पलंग नका नेऊ, हे न्या."

 धम्मपालने भंगारवाल्याला परत पाठवलं.

टेम्पोत प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता काच गेली. कुरुदला मोनालीने माझी पाठ उघडली, धूळ काढली, जळका भाग बदलला.

"आई, चालू नाही झाला तर?"

रुक्माने बटण दाबलं. आधी एक रेघ थरथरली, मग शत्रूंची रांग उमटली. पण पडद्याचा खालचा भाग काळाच राहिला. तोफ दिसतच नव्हती. मी घाबरलो. आता ही मला बंद करणार.

रुक्माने दांडा धरला. न दिसणारी तोफ तिने अंदाजाने सरकवली आणि पहिलाच शत्रू टिपला.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा. ती अर्धीमुर्धी चालत असली, तरी कोणाला तरी तेवढं पुरतं.