पार्सलीचा शब्द

दिवाळीत सूनबाई शिवानी पहिल्यांदा पांढुर्ण्याला आली आणि तिनं दलियाची थंड कोशिंबीर केली. तिच्यात पार्सली लागते म्हणे. ती नव्हती, म्हणून सांभार घातला. कोथिंबिरीला आम्ही सांभार म्हणतो.

"पुढच्या खेपेला घरची पार्सली. शब्द देतो," मी म्हणालो.

"मनावर घेऊ नको," माझा मुलगा केतन तिला म्हणाला, "बाबा गंमत करून राहिले."

गल्लीत माझी ख्यातीच तशी. निदान नव्या सुनेनं तरी मला खरं मानावं, म्हणून बियाणं मागवलं.

पार्सलीचं बी रुसलेल्या जावयासारखं. रात्रभर भिजवलं, शेणखत घातलं, सावली केली, तरी वर यायचं नाव नाही.

"मातीले पाणी पाजून राहिले तुम्ही," माझी बायको नलिनी म्हणाली. "आता मातीच वाढन."

शेवटी उगवली. थंडीत वाफा गच्च भरला, आणि दिसायला थेट सांभार. आमच्या गल्लीत सांभार तोडायला कोणी विचारत नाही. विचारलं तर राग आला का म्हणतात. म्हणून मी पाटी लावली : 'हा सांभार नाही. तोडू नये.'

केतन-शिवानी यायचे होते त्या सकाळी शेजारच्या देवकाबाई गरम सांभारवड्यांचं ताट घेऊन आल्या. वाफ्यात नुसते खुंट उरले होते.

"भाऊजी, यंदा तुमच्या सांभाराले वासच नाही. मिरच्या जास्त टाका लागल्या."

"पाटी नाही वाचली?"

"वाचली ना. हासून हासून पोट दुखलं. ह्यायले बी बोलावून दाखवली."

दुपारी शिवानीनं आवडीनं वड्या खाल्ल्या. मग म्हणाली, "बाबा, पार्सली?"

"आत्ता खाल्लीस ती."

केतन आधी हसला, मग ती.

"वडीत गेली. देवकाबाईंना विचार."

देवकाबाई ताट न्यायला आल्याच होत्या. "कायची पार्सली वं पोरी? सांभारच होता. भाऊजीचं काय आयकतं."

मी शिवानीला वाफ्यापाशी नेलं, खुंट दाखवले. तिनं वाकून बघितले, मग माझ्याकडे बघितलं.

"नसेल उगवली तर राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "माझ्यासाठी एवढं नाटक कशाला?"

हे तिनं इतक्या मायेनं म्हटलं, की पुढं बोलायची सोयच राहिली नाही.