वाऱ्याचं दार

मालिश करणारी उनरुआनमावशी अंगाला हात लावायच्या आधी चार गोष्टी विचारते. ताप आहे का, हाड कधी मोडलंय का, रक्तदाब आहे का, आणि पोटात काही आहे का. साठी उलटलेली म्हातारी आली तरी ती चौथा प्रश्न सोडत नाही. म्हाताऱ्या तोंडावर हात घेऊन हसतात.

फिकुनने चारही वेळा नाही म्हटलं. पहिली तीन उत्तरं खरी होती.

चौथं खोटं बोलण्यावाचून गत नव्हती, कारण सासू शेजारीच बसली होती. खामपान तिचं नाव. हातात ताडाचा पंखा, नाकपुडीत हुंगायची कापराची नळी, आणि तोंड बंद म्हणून नाही. दोन वेळा फिकुनला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा खामपानने बातमी बाजारभर केली होती. मासळीवालीला सांगितलं, देवळात फुलं विकणारीला सांगितलं. वर हेही सांगितलं की नातवंड गोजिरं होणार, गोरं होणार, सुनेसारखं मोठ्या डोळ्यांचं होणार. लाम्फून गावात जन्मलेल्या बाळालासुद्धा कुणी गोजिरं म्हणत नाही. गालाला चिमटा काढतात आणि म्हणतात, काय ओंगळ ध्यान आहे हे. वाटेवरच्या भुताखेतांनी ऐकलं तर त्यांना वाटावं, असलं नेऊन काय करायचं. दोन्ही वेळा खामपानला आनंदाच्या भरात याचा विसर पडला. दोन्ही वेळा पोट रिकामं झालं.

सासूमुळेच झालं असं फिकुन म्हणाली नव्हती. पण मनात एक काटा राहिला होता, आणि आता तिसऱ्या खेपेला तिने ओठच शिवून घेतले होते. नवऱ्याला, बुनमालासुद्धा, सांगितलं नव्हतं. पोट आपण होऊन बोलेल तेव्हा बोलेल.

पण लामयाईच्या फळांचा हंगाम. दिवसभर बुटक्या पाटावर बसून घड निवडायचे, बारीक फळ एकीकडे, टपोरं एकीकडे. कंबर धरली. उठताना हात मागे गेला, तेवढा खामपानने पाहिला. मालिशीला चल म्हणाली. फिकुनने आज नको, उद्या बघू, असं करत टाळलं, तेव्हा खामपान चिडून म्हणाली की सून काय लपवतेय ते तिला कळायलाच हवं. त्या शब्दाने फिकुन चपापली आणि मुकाट निघाली. पाठ चोळतील, खांदे चोळतील, त्यात काय, अशी वाटेत तिने मनाची समजूत घातली.

देवळाच्या आवारातला मावशीचा पडवीवजा सोपा. मावशीने घमेल्यात लिंबं कापून तिचे पाय धुतले. बदलायला नाडीची ढगळ विजार दिली. मग कोपऱ्यातल्या जीवकवैद्याच्या मूर्तीपुढे हात जोडून पुटपुटली. बुद्धाच्या अंगाला हात लावणारा तो वैद्य, त्याच्या परवानगीवाचून मावशी कुणाला शिवत नाही.

फिकुनला चटईवर उताणी निजवून मावशीने नेहमीचं सांगितलं. दुखलं तर बोल. नको वाटलं तर हात धर, मी थांबेन, कारण विचारणार नाही. श्वास कोंडून ठेवू नकोस.

बायकांचं डाव्या पावलापासून सुरू होतं. अंगठा तळव्यात रुतला आणि फिकुनचे डोळे नकळत मिटले. बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिला भीतीच वाटली. तेवढ्यात पंखा हलवत खामपान म्हणाली, "उनरुआन, पाठीचं निमित्त आहे गं. हिचं पोट बघ. कूस खाली सरकलीय असं मला वाटतं. वाऱ्याचं दार नीट उघड आणि कूस वर उचल."

फिकुनचे डोळे उघडले.

म्हणजे यासाठी आणलं होतं. नातवंड यावं म्हणून.

वाऱ्याचं दार जांघेत असतं. मावशी तिथे तळहात ठेवून सगळा भार देते, पाय थंड पडेस्तोवर, आणि मग सोडते. रक्त उकळत्या पाण्यासारखं टाचेपर्यंत धावतं. मग नाभीभोवती बोटं रुतवून कूस उचलतात. पोटुशीला यातलं काही करत नाहीत, हे लाम्फूनमध्ये पोरीबाळींनाही ठाऊक असतं. म्हणून तर तो चौथा प्रश्न.

मावशीचा अंगठा घोट्याशी आला. घोट्यावरून पोटरीला. फिकुनला पोटरी आपली वाटेना, आपण जणू एक वाट आहोत आणि कुणी त्या वाटेने सावकाश घराकडे चालत येतंय, घरात एक जीव झोपलाय आणि दाराला कडी नाही, असं वाटलं.

तिने सांगितलं की पाऊल अजून दुखतंय. मावशी पुन्हा पावलाशी गेली. पोटरीपर्यंत आल्यावर फिकुनने टाचेची तक्रार केली. मावशी टाचेशी गेली. तिसऱ्यांदा तिने करंगळीचं निमित्त काढलं तेव्हा खामपान म्हणाली, पोरी, सगळा दिवस पायातच घालवणार आहेस का, मलाही मालिश करून घ्यायचंय, आणि स्वतःच्याच विनोदावर हसली.

चुलीवर औषधी पुरचुंड्या वाफत होत्या. गवती चहा, आंबेहळद, कापूर. त्या वासाने फिकुनला मळमळलं. आता ओकारी आली तर सगळं उघडं पडेल. तिने ती गिळली. मावशीचे हात गुडघ्यावर आले. गुडघ्याच्या वाटीभोवती फिरले. मांडीला लागले.

"श्वास कोंडतेस तू," मावशी म्हणाली.

फिकुनने श्वास सोडला आणि मनात शब्द जुळवू लागली. खरं सांगावं तर ते हवेत जाणार, चुलीच्या धुरात मिसळून देवळाबाहेरच्या वडावर जाणार, तिथे कोण बसलंय कुणास ठाऊक. आणि न सांगावं तर हा हात. दोन्हीकडून जाणार ते एकच. तिला सासूचा राग आला, मग मावशीचा, मग आपल्याच आईचा, जिने तिचं नाव बकुळीवरून ठेवलं. बकूळ रात्री उमलते आणि सकाळी गळून जमिनीवर पडलेली असते.

तळहात मांडीच्या वर आला आणि भार देण्यासाठी मावशीने कोपर ताठ केलं.

फिकुनने मनगट पकडलं.

मावशी थांबली. ठरल्याप्रमाणे तिने काही विचारलं नाही. पण खामपानने विचारलं. दुखलं का, कुठे दुखलं, एवढं काय धरायचं, कुणाला जिवे मारत नाहीत इथे. प्रश्न संपेनात आणि फिकुनला मनगट सोडवेना. तिला वाटलं आता रडू येणार. पण आले ते वेगळेच शब्द, आपल्या गावाचे, आजीच्या वयाचे.

"मावशी, तिथे दाबू नका. आत एक ओंगळ आहे. काळं, नकटं, डबक्यातल्या बेडकासारखं. त्याच्याकडे बघवत नाही."

पंखा थांबला.

मावशीने हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला, जणू त्याने चोरी केली होती. फिकुन सासूकडे बघायचं टाळत होती. आता ती उठेल, आता टाळ्या पिटेल, आवारातल्या फुलवालीला हाक मारेल.

खामपानने नाकातली नळी काढली. तिचा चेहरा रडव्या पोरासारखा वेडावाकडा झाला होता, पण आवाज तिने कोरडा काढला.

"शी. नकटं पण आहे का?"

"फार नकटं," फिकुन म्हणाली.

"आमच्या घराण्यात सगळे तसलेच. कुणाला हवंय ते." आणि तिने सरकून सुनेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं.

मग मावशी रागावली, हळू आवाजात, पण चांगलीच. चौथ्या प्रश्नाला खोटं बोलणाऱ्या बाईला सोप्याबाहेर काढायला हवं, म्हणाली. तिथे सासू असो, राणी असो, मला बाजूला घेऊन कानात सांगायचं. नुसतं डोळ्यांनी खुणावलं असतंस तरी मला कळलं असतं. हे बोलत तिने फिकुनला डाव्या कुशीवर वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली, पुरचुंड्या चुलीवरून उतरवून दूर नेऊन ठेवल्या. आणि फक्त खांदे घेतले, हाताचे तळवे, केसांची मुळं, हलक्या बोटांनी. कंबरेला नुसता हात टेकवून ठेवला. पुढच्या वेळी सुईणबाईला विचारून ये, एवढं बजावलं.

खामपान पंखा हलवत गुणगुणत होती, ऐकू येईल न येईल असं.

ओंगळ गं बेडूक, माझ्या टोपलीत बसे,
जा रे वाऱ्या पुढे जा, इथे कुणीसुद्धा नसे.

बाजारभर बातम्या करणारा सासूचा गळा फिकुनने इतका खालच्या पट्टीत कधी ऐकला नव्हता. सासूने तिच्या कपाळावर हात आडवा धरून ठेवला होता, वरून कुणाला दिसू नये असा. म्हणजे तीही भीत होती. दोन्ही वेळा भ्याली असेल. बडबड त्या भीतीचीच असेल कदाचित. हे फिकुनच्या ध्यानात आलं, पण म्हणून तिची भीती कमी झाली नाही. ती दोघींत वाटली गेली, इतकंच.

परतताना मासळीवालीने हटकलं. सासू-सून हातात हात घालून, आज सूर्य कुठे उगवला, काय विशेष?

फिकुनचा पाय जागीच थांबला.

खामपानने तोंड उघडलं. मग नळी नाकात घालून एक लांब श्वास ओढला, इतका लांब की मासळीवालीने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

"हिची पाठ दुखते," ती म्हणाली, आणि सुनेवर सावली पडेल अशी उन्हाच्या बाजूला होऊन चालू लागली.