कोल्डरूममधली केळी

फुलांत आयुष्य काढलेल्या माणसाचं मन हळूहळू फुलासारखंच होतं, त्याच्या हातून मुंगीचंही वाईट होत नाही, असं मोठी माणसं सांगत आली आहेत. या मोठ्या माणसांपैकी कुणाचा दीर फुलांच्या धंद्यात नसावा.

वहिनीचा होता. सासऱ्यांनी दुकान दोन्ही मुलांच्या नावे केलं आणि दुकानामागचा जमिनीचा तुकडा थोरल्या सुनेला तोंडी दिला. तिथे ती मोसमाप्रमाणे अ‍ॅस्टर, झिनिया, लार्कस्पर असं काय काय लावायची. काहीच फुलत नसेल तेव्हा वाळक्या बोंडांचे आणि गवताच्या तुऱ्यांचे गुच्छ बांधायची. भलत्या मोसमात कुणी गुलाब मागितले, तर ते आत्ता नाहीत, लग्न पुढे ढकला, असं सांगायची. गिऱ्हाईक हसायचं आणि दुसऱ्या दुकानात जायचं. या बाबतीत धाकट्याची तक्रार अगदीच खोटी नव्हती.

धाकट्याला बाजारात सगळे विमानवाला म्हणत. त्याच्याकडचं प्रत्येक फूल विमानाने यायचं आणि ते तो गिऱ्हाइकाला अशा आवाजात सांगायचा, की जणू ते स्वतः तिकीट काढून आलं आहे. दोन समुद्र ओलांडून कार्नेशन यायची. एकेक जुडी प्लास्टिकमध्ये, जुड्यांचा गठ्ठा पुन्हा प्लास्टिकमध्ये, आणि मग खोका. पानं खुडताना वहिनीच्या बोटांना पुरळ यायचं, कारण किडे मारण्यासाठी जे फवारलेलं असायचं तेही फुलांबरोबर फुकट प्रवास करून यायचं. जिथे ती पिकत, तिथलं तळं काचघरांनी पिऊन टाकलं आहे, असं तिने वाचलं होतं. धाकट्याला सांगितल्यावर तो म्हणाला, तळं त्यांचं आहे, आपण कशाला त्यात पडायचं?

एवढा माल ठेवायला कोल्डरूम हवी होती. लार्कस्पर ऐन बहरात असताना एका सकाळी खोदाईचं मशीन आलं आणि दुपारपर्यंत मागे नुसती माती होती. धाकट्याने नुकसानभरपाई म्हणून वहिनीला एक कुंडी आणून दिली. "तुमचा छंद सुटायला नको, वहिनी," म्हणाला. नवऱ्याने कुंडीला पाणी घातलं. त्याचा विरोध एवढाच.

हेही वहिनीने गिळलं असतं. पण मग निमंत्रणपत्रिका आली. शहरातल्या व्यापारी मंडळाने ‘निसर्गमित्र दुकान’ असा पुरस्कार काढला होता आणि तो धाकट्याला मिळणार होता. पत्रिकेवर फोटो होता वहिनीच्या बागेचा, जी आता कोल्डरूमच्या फरशीखाली होती. फोटोच्या कडेला एक कोपर दिसत होतं. कोपर वहिनीचं. बाकीची वहिनी कापून टाकली होती.

ती बराच वेळ त्या कोपराकडे बघत बसली. मग उठून बाजारात गेली आणि केळी घेऊन आली. पिकलेली, काळे ठिपके पडलेली. सोबत सफरचंदं.

फुलांच्या धंद्यात कोल्डरूममध्ये फळ न्यायचं नाही, हा पहिला धडा. पिकलेल्या फळातून जो वायू निघतो, त्याने कार्नेशन झोपतं. पाकळ्या आत वळतात, फूल मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. सासरे तर खिशात सफरचंद असलेल्या पाहुण्यालाही दारातूनच परत पाठवत. वहिनीने समारंभासाठी आलेल्या कार्नेशनच्या खोक्यांमध्ये फळांचे खोके सारले, थंडीचा काटा जरासा सैल केला आणि दार इतक्या मायेने लावलं, की आत बाळ झोपलं असावं.

नुसती फजिती तिला पुरेशी नव्हती. व्यासपीठ उघडं पडेल, धाकटा घामाघूम होईल आणि त्याच क्षणी आपण बादल्या भरून ताजी फुलं घेऊन आत जायचं, सगळ्यांदेखत त्याला ‘वहिनी, वाचवा’ म्हणायला लावायचं, असा बेत होता. मशीन येण्याआधीच्या मोसमात काढून ठेवलेलं लार्कस्परचं बी तिने शेजारच्या निवृत्त नर्सबाईंच्या अंगणात पेरलं होतं. ते निळंजांभळं उभं होतं. "अख्खं घेऊन जा," नर्सबाई म्हणाल्या, "पण त्याचं तोंड कसं झालं ते येऊन सांग."

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी वहिनीने फुलं कापली आणि बादल्या मागच्या ओट्यावर सावलीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी धाकट्याने सभागृहात खोके उघडले आणि त्याचा चेहरा खरोखरच बघण्यासारखा झाला. सगळी कार्नेशन मुठी आवळून झोपली होती. धाकट्याने एक उघडायचा प्रयत्न केला, तर ते हातातच चुरगळलं. वहिनी खांबाआड उभी राहून मोठ्या समाधानाने हे पाहत होती. इतकी शांत ती माहेरीही कधी नव्हती.

मग तिने नवऱ्याला, त्यानेच सकाळी गाडीत भरलेल्या बादल्या आणायला सांगितलं.

बादल्या आल्या. त्यांत काठ्या होत्या. लांब, हिरव्या, उघड्या काठ्या, आणि तळाला पाण्यावर निळ्याजांभळ्या पाकळ्यांचा थर.

"ओट्यावर उकडत होतं ना," नवरा म्हणाला, "म्हणून मी काल तुझ्या बादल्या आत कोल्डरूममध्ये ठेवल्या. म्हटलं, तुझी फुलं तरी ताजी राहतील."

लार्कस्परलाही फळांचा तो वायू चालत नाही, पाकळ्या गळून पडतात. एरवी हे वहिनीनेच त्याला सांगितलं असतं. पण आत केळी आहेत हे सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात नवऱ्याने न सांगता केलेलं हे पहिलं काम. तिला रागावताही येईना.

"वहिनी, ह्या काठ्या कशाला?" धाकट्याने विचारलं.

"टेकायला," वहिनी म्हणाली.

शेवटी सभागृहाच्या व्यवस्थापकाने माळ्यावरून प्लास्टिकची फुलं काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि व्यासपीठ सजवलं. प्रमुख पाहुण्या भाषणात म्हणाल्या, की आज इथे एकही फूल तोडलेलं नाही, निसर्गावर प्रेम करायचं तर असं. टाळ्या झाल्या. धाकट्याने पुरस्कार घेतला, डोळे पुसले आणि हे सगळं वहिनीचे संस्कार आहेत, असं माइकवरून सांगितलं. वहिनीलाही उठून हात जोडावे लागले.

खराब मालाबद्दल पुरवठादाराने दिलगिरी कळवली आणि तेवढीच कार्नेशन पुन्हा पाठवली. ती विमानाने आली.