पंखा कुणी दिला?

चौथीच्या बाईंचा एक नियम होता. घरी जे डोळ्यांनी पाहिलं, त्यावर रोज पाच ओळी लिहायच्या. कोण आलं, कधी आलं, काय झालं, सगळं त्यात आलं पाहिजे. पाठ केलेले निबंध ओकणारी पोरं वर्षभरात स्वतःचं लिहायला लागली होती, आणि बाईंना त्याचा भारी अभिमान होता.

त्या रविवारी त्या घरी वह्या तपासत होत्या. नवऱ्याने आदल्या दिवशी आणलेला पांढरा पंखा समोर फिरत होता. तो कुठून आणला, हे बाईंनी विचारलं नव्हतं. मतदान आठवड्यावर आलं होतं आणि गल्लीत घरोघरी तसाच पंखा होता, विचारायचं काय?

एकतीस वह्यांपैकी सव्वीस वह्यांत पंखाच निघाला.

वर्गात बारीक अक्षरामुळे जिला सगळे मुंगी म्हणत, तिने लिहिलं होतं: ‘काल संध्याकाळी दोन काका आले. त्यांनी पंखा दिला. मग आईला माझ्या डोक्यावर हात ठेवायला लावला. मत कुणाला देणार ते म्हणायला लावलं. आईने ते हळूच म्हटलं.’

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. मतं विकत घेणाऱ्यांना लाज नसते, हे काही नवीन नाही. पण लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावण्यापर्यंत त्यांची मजल गेली, आणि आपण सगळे त्यांचाच वारा खात बसलो!

सोमवारी वह्या सहीसाठी मुख्याध्यापकांकडे गेल्या. पंखे वाटणारे उमेदवार म्हणजे शाळा समितीचे अध्यक्षच. तासाभरात बाईंना बोलावणं आलं. मुंगीच्या आईलाही बोलावून घेतलं होतं, ती आधीच तिथे उभी होती.

“ही पानं फाडा,” मुख्याध्यापक म्हणाले. “पोरांकडून ‘माझी बाग’ लिहून घ्या.”

“सर, त्यांनी पाहिलं तेच लिहिलंय.”

“तुम्ही लिहायला शिकवताय की पोलिसांत भरती करताय?”

मुंगीची आई तर अंगावरच आली. “बाई, आमच्या घरात डोकवायचा तुम्हाला काय अधिकार? तिच्या डोक्यावर हात ठेवलाय मी! उद्या तिला काही झालं म्हणजे?”

“काही होत नाही हो तसल्या शपथेने. मत तुमचं आहे.”

“तुमच्या पोरीच्या डोक्यावर ठेवून बघा, मग सांगा!”

मुख्याध्यापक खुर्चीत रेलले. “कायदा माहीत आहे ना? देणारा गुन्हेगार, तसा घेणाराही. सव्वीस घरांच्या दारात पोलीस आणणार? आणि तुमच्या घरात काय फिरतंय, ते मला माहीत नाही असं समजू नका.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी निमूट वह्या उचलल्या. मुख्याध्यापकांना वाटलं, वठणीवर आल्या. तरी खात्री करायला ते मागोमाग वर्गाच्या दारापर्यंत गेले.

बाईंनी वह्या वाटल्या. एकही पान फाडलं नाही.

“आज तुम्ही लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या. “आज मी लिहिणार.” खडू घेऊन त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘शनिवारी आमच्या घरी पंखा आला. तो मतासाठी दिलेला होता. मला ते कळत होतं. मी गप्प बसले. ही माझी चूक आहे.’

“पुसा ते!” मुख्याध्यापक दारातून ओरडले.

तेवढ्यात मुंगीचा हात वर गेला.

“बाई, कुणी दिला ते राहिलं.”

बाई थबकल्या. दारात नोकरी उभी होती, घरी नवरा होता, आणि समोर त्यांनीच शिकवलेली एकतीस पोरं बसली होती. त्यांनी पुन्हा खडू उचलला आणि अध्यक्षांचं नाव, आडनावासकट, फळ्यावर लिहिलं.

मग टेबलावरचा कोरा कागद ओढून त्यांनी तेच सगळं निवडणूक अधिकाऱ्यांच्या नावाने उतरवलं आणि खाली सही केली. त्यात सव्वीस घरांतलं एकही घर नव्हतं, फक्त त्यांचं स्वतःचं होतं.

“आता बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

मुंगीने फळा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि मान डोलावली.