लेबलावरून काढलेली ओळ

मोसंबीच्या बागेतल्या पेट्यांचा मध कौसल्या आजवर जुन्या बाटल्यांत भरून द्यायची. घेणारे सगळे ओळखीचे, त्यामुळे लेबलाची गरज पडत नसे. मग जालन्याच्या एका दुकानदाराने मध ठेवायचं कबूल केलं, पण नोंदणी आणि लेबल पाहिजे म्हणाला. त्या नोंदणीपायी तिने भोकरदनला किती खेटे घातले! कधी सर्व्हर बंद, कधी फोटो पुसट. शेवटी क्रमांक हाती आला तेव्हा आनंद करायचंही त्राण उरलं नव्हतं.

मग लेबल. नाव, पत्ता, वजन, बॅच, भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावा, नोंदणी क्रमांक. छापणारा बबलू म्हणाला, एवढ्याशा बाटलीवर हे बसायचं नाही, एखादी ओळ कमी करा. शेवटची ओळ कौसल्याने मधमाशीपालनाच्या प्रशिक्षणात ऐकून स्वतःच घातलेली होती: एक वर्षाखालील बाळाला देऊ नये. नवरा सर्जेराव शेजारीच उभा होता. हीच काढ म्हणाला, आपल्याच मालाची बदनामी आपणच कशाला करायची? वाद घालायला ती फार थकली होती. काढा, म्हणाली.

लेबलं चिकटवून झाली. दुसऱ्या दिवशी दुकानदाराची गाडी येणार होती. त्याच संध्याकाळी पुतणी तृप्ती तान्ह्या बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी आली. कौसल्याच्या सासू तुळजाबाईंनी खोक्यातली एक बाटली उचलली आणि बोटातली सोन्याची अंगठी काढली. या घरातल्या प्रत्येक बाळाला पहिला मध त्यांनीच अंगठीने चाटवलेला.

"आत्याबाई, बाळाला नका देऊ," कौसल्या म्हणाली. मधात कधीकधी एक जंतू असतो, मोठ्यांना तो बाधत नाही, पण तान्ह्याच्या पोटात वाढतो, असं तिने समजावलं.

"सर्ज्याला मीच चाटवलं व्हतं. काय झालं त्याला?"

"काकाची जीभ कुठं गोड झाली मंग?" तृप्ती खाटेवरून म्हणाली. सर्जेरावही हसला.

तुळजाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाटली तृप्तीला दिली आणि लेबल वाचायला लावलं. तिने पिनकोडसकट सगळं वाचलं.

"ह्यात लेकराचं कुठंय? एवढं समदं लिव्हलं, अन् हेच बरं राह्यलं?"

कौसल्याने सर्जेरावाकडे पाहिलं. तो खोक्याची चिकटपट्टी उगाच अंगठ्याने दाबत होता.

"ओळ व्हती," ती म्हणाली. "मीच काढायला लावली. बाटल्या खपाव्या म्हणून."

तृप्तीने बाळाला जवळ ओढलं. तुळजाबाईंनी अंगठी बोटात परत घातली आणि बाळाच्या कपाळावरून नुसता हात फिरवला.

"हे लेकरू वाचलं. दुकानातून नेतील त्यांना कोण सांगून राह्यलंय?"

कौसल्याने सर्जेरावाला दुकानदाराला फोन करायला सांगितलं: उद्या गाडी पाठवू नका. मग पदर खोचून तिने मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घेतलं आणि पहिली बाटली बुडवली. लेबल चांगलंच चिकटलं होतं, निघता निघेना. फोन झाल्यावर सर्जेराव शेजारी येऊन बसला आणि दुसरी बाटली नखाने खरवडू लागला.